कुत्री आणावीत, आणलेली न्यावीत

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बिडाचे पाय, सागाच्या पाच फळ्या, त्यातली मधली नंतर बदललेली. एका उपाहारगृहाबाहेर, फुटपाथवर, निळ्या छत्रीखाली माझी जागा आहे. पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. माझा स्वभाव संशयी आहे. कुणी रुमालाने माझ्यावरची धूळ झटकली तरी मला वाटतं, याला नक्की काय हवंय?

हा स्वभाव मी जन्मताना घेऊन आलो नाही, बरं का. कारखान्यात माझे पाय ओतले, सुताराने फळ्यांना रंधा मारला आणि हात फिरवून म्हणाला, "माझ्या नातवंडांना पुरेल हा." तेव्हा मी भोळा होतो. जो म्हणेल त्याला हो म्हणायचो. मग मला न्यायालयात नेलं आणि साक्षीदारांच्या खोलीबाहेर ठेवलं. तिथे मी सव्वीस वर्षं काढली. माझ्यावर बसून लोक वकिलाला एक सांगायचे, बायकोला दुसरं, आणि आत जाऊन तिसरंच बोलायचे. सव्वीस वर्षांत मी एवढंच शिकलो की खरं बोलणारा माणूस टेकून बसतो. ज्याच्या पोटात काही दडलेलं असतं, तो काठावर बसतो आणि टाच हलवत राहतो. याला अपवाद मला क्वचितच सापडला.

पुढे तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या आवारात फेकून दिलं. दोन वर्षं मी उन्हापावसात पडून होतो. पायांना गंज चढला, एक फळी कुजली. ज्यांच्या घामाने माझी पाठ गुळगुळीत झाली, त्यांच्यातलं कुणी फिरकलं नाही. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

जुन्या सामानाच्या विक्रीला एक बाई आल्या. त्यांनी मला एका टोकाला धरून हलवून पाहिलं. मी जागचा हललो नाही. "हाच हवा मला. बाहेर ठेवायचाय, कुणी उचलून नेणार नाही," त्या म्हणाल्या. माझ्या वजनाचं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी गंज खरवडला, फळी बदलली, हिरवा रंग दिला. सगळे त्यांना मालकीणबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

त्यांच्या उपाहारगृहात आत चार टेबलं, बाहेर फुटपाथवर तीन. फुटपाथवर बसवायचा परवाना दर वर्षी नगरपालिका देते. बाहेर कुत्र्यांना घेऊन बसायची मुभा होती आणि भिंतीलगत पाण्याचं भांडंही होतं. स्वेटर घातलेलं एक कुत्रं कडेवर बसून यायचं. दुसरं एक इतकं लाळ गाळायचं की आचारी त्याला 'नळ' म्हणायचा. एक गृहस्थ कुत्रं दिसलं की दोन्ही पाय वर घेऊन जेवायचे, जणू खाली पूर आलाय. तक्रारीची चिठ्ठी टाकायलाही ते विसरायचे नाहीत.

कुत्र्यांचे पट्टे लोक माझ्या पायाला बांधायचे. तिथून माझा दुसरा अभ्यास सुरू झाला. ज्याला लगेच उठायचंय तो सुरगाठ मारतो, एक टोक ओढलं की सुटते. सहजी न सुटणारी निरगाठ कोण मारतं, ते मला एका दुपारी कळलं.

त्या दुपारी एक जोडपं एका तपकिरी कुत्रीला घेऊन आलं. नवऱ्याने पट्ट्याची निरगाठ मारली, वर आणखी एक मारली. दोघं पोटभर जेवली. मग तो कुत्रीच्या डोक्यावर थोपटून म्हणाला, "आलोच. गाडी वळवून आणतो." बायकोही त्याच्यामागे गेली. संध्याकाळपर्यंत कुत्री रस्त्याकडे बघत बसली. मालकीणबाईंनी ती गाठ नखांनी सोडवली तेव्हा त्यांचं एक नख तुटलं. कुत्री पाच दिवस राहिली, काही खाल्लं नाही. सहाव्या दिवशी त्या जोडप्याच्या गाडीच्या रंगाची एक गाडी गेली. तिच्यामागे ती धावली, ती परत आलीच नाही. बाईंनी तिला दोन आठवडे शोधलं. मग भिंतीवर एक पाटी आली: 'कुत्री आणावीत. आणलेली न्यावीत.'

तेव्हापासून 'आलोच' हा शब्द ऐकला की माझ्या मनात पाल चुकचुकते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, आमचं तर दोघांचंही पोळलं होतं, माझं आणि मालकीणबाईंचं.

अशात काका आले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आता दुकान बंद करून घरी बसले होते. बरोबर काळापांढरा कुत्रा, वयाने तोही उतरणीला लागलेला. शेपूट एका ठेक्यात डावीउजवीकडे हलायचं, म्हणून त्याचं नाव लंबक. काका रोज अकराला यायचे, एक चहा घ्यायचे. आणि मित्रांनो, ते काठावर बसायचे. टाच हलत असायची.

पहिल्या आठवड्यात त्यांनी लंबकला दोरीने माझ्या पायाला बांधलं, "आलोच" म्हणाले आणि कोपऱ्यावरून वळून गेले. पाच मिनिटांनी परत आले. तोवर लंबकने रडून रडून रस्ता डोक्यावर घेतला होता. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं. मग वीस. लंबकचं रडणं कमी होत गेलं आणि काकांचं जाणं वाढत गेलं. आधी सुरगाठ असायची. पुढे निरगाठ आली. मला जे समजायचं ते मी समजलो. हा माणूस हळूहळू सवय लावतोय, एक दिवस येणारच नाही.

मालकीणबाईंनाही तसंच वाटत असावं. एकदा त्या चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "काका, रोज जाता कुठे हो?"

"इथेच. जरा पाय मोकळे करतो."

"मग त्यालाही न्या की. कुत्र्याला फिरायला आवडतं."

"त्याचे पाय दुखतात हल्ली," काका कपात बघत म्हणाले.

पाय दुखतात म्हणे. त्याच सकाळी त्या लंबकने मांजर बघून दोरी अशी ओढली होती की माझा पाय करकरला होता. न्यायालय सोडल्यापासून इतकं कच्चं खोटं मी ऐकलं नव्हतं. बाईंनी फडक्याने टेबल पुसताना पाटीकडे एकदा बघितलं, काकांना दिसेल असं.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. समोर इस्त्रीचं दुकान आहे. दारात चादरी टांगलेल्या असतात. काका कोपऱ्यावरून दिसेनासे झाले की थोड्या वेळाने त्या चादरींखाली दोन बूट दिसायचे. आमच्यासारख्यांना माणसांचे चेहरे नंतर कळतात, बूट आधी. उजव्याची नाडी नवी, डाव्याची जुनी. बूट काकांचेच होते. म्हणजे हा माणूस फिरायला जात नव्हता. मागच्या दाराने येऊन लपून बघत होता. कशासाठी? कुत्र्याला कुणी उचलून नेतंय का, याची वाट बघत असणार. नेलं की हा मोकळा. मला त्याचा फार राग आला. लंबकने डोकं माझ्या पायावर टेकवलं होतं आणि तो कोपऱ्याकडे बघत होता. त्याला मी सांगणार तरी कसं?

मग तो दिवस आला. काकांनी त्या दिवशी लंबकच्या कानामागे बराच वेळ खाजवलं. दोरीच्या दोन निरगाठी मारल्या. दुसरी गाठ तिसऱ्या खेपेला बसली. "आलोच," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून गेले.

शेजारच्या टेबलावर काळ्या चष्म्याची एक बाई येऊन बसली होती. कधी न पाहिलेली. तिने कॉफी मागवली आणि वही उघडली. ती लंबककडे बघायची आणि लिहायची. आचारी दारातून डोकावून आत गेला आणि मालकीणबाईंना म्हणाला, "नगरपालिकेची दिसतेय. पाय वर घेणाऱ्याने केलेलं दिसतंय काम."

मालकीणबाईंनी स्वतः कॉफी नेली, न मागितलेली बिस्किटं नेली. बाईने बिस्किटं बाजूला सारली आणि पुन्हा लिहिलं. अर्धा तास झाला. काका नाहीत. पाऊण तास झाला. लंबक उठला, बसला, पुन्हा उठला. परवाना नूतनीकरणाला तीन आठवडे होते, आणि दारात एक बेवारस कुत्रा, शेजारी वहीवाली बाई. मालकीणबाई तीनदा दारात येऊन गेल्या. पण खरं सांगू? मला नाही वाटत त्यांना परवान्याची भीती होती. त्यांच्या डोळ्यांसमोर तपकिरी कुत्री होती.

पन्नास मिनिटं झाल्यावर त्या बाहेर आल्या. खाली बसून गाठ सोडवायला लागल्या. सुटेना. "पुन्हा नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "याला नाही मी तसं रस्त्याकडे बघत बसू देणार. आत घेते." आचाऱ्याकडून त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री मागून घेतली आणि दोरी कापली.

तेवढ्यात समोरच्या चादरीच्या कडेला एक हात आला. त्या हाताने चादर घट्ट मुठीत धरली. बूट मात्र पुढे आले नाहीत.

लंबक मोकळा झाला. बाई पट्ट्याला हात घालणार, तोच तो निसटला आणि फुटपाथच्या कडेपर्यंत गेला. समोरून गाड्या जात होत्या. लंबकने कोपऱ्याकडे बघितलं. काका गेले होते त्या बाजूला. मग तो वळला, चालत माझ्यापाशी आला आणि होता तिथेच बसला. गळ्यात कापलेल्या दोरीचा तुकडा लोंबत होता. त्याला कुणीही धरलेलं नव्हतं.

मालकीणबाई माझ्यावर बसल्या. कात्री मांडीवर ठेवून त्या वहीवाल्या बाईला म्हणाल्या, "मॅडम, हे कुत्रं आमचं नाही. पण मी याला टाकणार नाही. काय लिहायचं ते लिहा."

बाईने चष्मा काढला. "तासाला अजून दोन मिनिटं कमी आहेत," ती म्हणाली. "बसू दे त्याला. तुम्हीही बसा."

दोन मिनिटांनी चादर बाजूला झाली आणि काका आले. धापा टाकत, डोळे पुसत. मग सगळा उलगडा झाला. काकांच्या हृदयाची झडप बदलायची होती. "घड्याळ तेच, आतलं एक चाक बदलायचंय," ते म्हणाले. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली होती, दोनदा काकांनी नाकारली. लंबक घरी एकटा राहिला की असा रडायचा की खालच्या मजल्यावरचे झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. ही वहीवाली बाई लोकांची कुत्री सांभाळायची, पण रडणारा कुत्रा घेत नव्हती. तिच्याकडे आधीच अकरा, एक रडला की सगळे रडणार. तिची अट एकच होती. कुत्रा एक तास शांत बसला, तर ठेवून घेईन.

"अहो, मग मला सांगायचं ना," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "मी काय काय समजत होते तुम्हाला."

"सांगितलं असतं तर तुम्ही येता-जाता त्याला गोंजारलं असतं," काका म्हणाले. "बिस्कीट दिलं असतं. मग तो एकट्याने राहायला शिकला कसा असता? आणि तुम्ही मला काय समजत होता ते दिसत होतं. पाटी मलाही वाचता येते."

मालकीणबाई मान खाली घालून काकांचा गार झालेला चहा बदलायला आत गेल्या. त्यांच्याइतकाच मीही खजील झालो, फक्त माझं कुणाला दिसलं नाही.

दोन दिवसांनी काका रुग्णालयात गेले. मालकीणबाई रोज अकराला दारात यायच्या, कोपऱ्याकडे बघायच्या, आणि छत्री सरळ करायला आल्याचं दाखवायच्या. माझं जुनं मन मला सांगायचं, जाणारे परत येत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपलं चुकावं.

एकोणिसाव्या दिवशी काका आले. इस्त्रीवाल्याने त्यांचा दंड धरला होता. सदरा अंगावर ढगळ झाला होता. दुसऱ्या बाजूने कुत्री सांभाळणारी बाई लंबकला घेऊन आली. आम्हाला वाटलं, आता हा झेप घेणार. आचारी तर कढई तशीच सोडून बघायला आला होता.

लंबक आला, काकांना हुंगलं, आणि पाठ करून बसला. रागच आला होता त्याला. एकोणीस दिवसांचा हिशेब तो मागणारच. काका हळू आवाजात म्हणाले, "आलोच म्हणालो होतो की नाही?" लंबकने वळूनही बघितलं नाही. पण त्याने शेपूट मागे सरकवलं आणि काकांच्या बुटावर ठेवलं. चहा संपेपर्यंत ते तिथून हललं नाही.

आणि काका टेकून बसले. माझ्या पाठीवर, सगळं वजन टाकून, डोळे मिटून.

आताही ते येतात. काका हात धुवायला उठले तरी लंबक मागोमाग उठतो, आणि ते त्याला रागावत नाहीत. माझ्या पायाला त्या निरगाठी अजून आहेत. कुणालाच सुटल्या नाहीत, शेवटी बाईंनी त्यांच्यावरूनच हिरवा रंग मारला.

मित्रांनो, मला रंग द्या, न द्या. पण ज्याला 'थांब' म्हणून जाल, त्याच्याकडे परत या. उशीर होणार असेल, तर त्याची सोय आधी लावा. आणि कधी या बाजूला आलात, तर माझ्यावर खुशाल टेकून बसा. काठावर बसलात, तर माझं लक्ष आहे.