पात्याच्या पाठीवर तीन ठोके

राहुरीजवळ काकासाहेबांच्या रोपवाटिकेत साळूबाई सव्वीस वर्षं सीताफळाची कलमं बांधत होती. तिच्या हाताखाली बारा बायका होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीला तिनंच शिकवलं होतं.

यंदा काकासाहेबांनी सगळ्यांना मिटवायचे नवे चाकू आणून दिले. पातं उघडलं की आतला खटका बसायचा आणि पातं मिटू नये म्हणून धरून ठेवायचा. तिसऱ्याच दिवशी त्या बारांतल्या मोनिकाचं पातं खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाच्या, चिरेत अडकलं. तिनं ते हलवून ओढलं, पात्याच्या पाठीवर जोर आला, खटका सुटला आणि पातं थेट बोटांवर मिटलं. पाच टाके पडले.

"घाई केली असंल पोरीनं," काकासाहेब म्हणाले.

साळूबाईला ते झोंबलं. "मालक, माझी बाई घाई करत न्हाई. खोट खटक्यातच हाय."

तिनं सगळे चाकू गोळा केले. एकेक उघडायचा, बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरायची आणि पात्याची पाठ ओंडक्यावर बेतानं तीनदा ठोकायची. पहिला टिकला. दुसरा पहिल्याच ठोक्याला मिटला. बारांपैकी सात मिटले. उजेडात धरून पाहिलं, तर त्या सातांमध्ये खटक्याची पट्टी पात्याच्या बुडाखाली पुरती सरकतच नव्हती, नुसती कडेला टेकत होती.

दुसऱ्या दिवशी नगरहून चाकूच्या कारखान्याचा माणूस हर्षल आला. "मावशी, चाकू कापायला असतो. असा आपटला तर कुठलाही मिटेल."

साळूबाईनं टिकलेल्यातला एक उचलून पुन्हा तीनदा ठोकला. पातं हललं नाही. "ह्यो बी तुमचाच हाय की." मग मिटणाऱ्यातला एक उघडून त्याच्यापुढे धरला. "ह्यो घ्या. कलम करताना धरत्यात तसा धरा. मी निस्ती अंगठ्यानं पाठ रेटते."

हर्षलनं चाकू घेतला, पण मुठीवर बोटं आवळायला काही तो धजेना. त्यानं चाकू खाली ठेवला. "हे सात परत नेतो."

"बाराच्या बारा न्या. आन नवे आणाल ते आधी ह्या ओंडक्यावर येतील."

पंधरा दिवसांनी नवा माल आला. साळूबाईनं बायकांदेखत एकेक ठोकून पाहिला. एकही मिटला नाही. हर्षल म्हणाला, "मावशी, आता आमच्याकडं पण प्रत्येक चाकू असाच ठोकून मगच बाहेर सोडतात."

काकासाहेब उठून मोनिकाकडे गेले. "पोरी, तुला उगाच बोललो. चूक माझी."

बोटं बरी झाल्यावर पहिल्याच दिवशी मोनिकानं दोनशे दहा कलमं बांधली. संध्याकाळच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला साळूबाईनं हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगण्याच्या नादात तिचा थांबा मागं गेला. पुढच्या फाट्यावर उतरून ती दोन किलोमीटर चालत घरी आली, आणि त्या चालण्याचं तिला काहीच वाटलं नाही.