सोडलेल्या तारा

गॅरेजचं दार ढकललं आणि रिम्मा आर्काद्येव्हनांची नजर आधी चहाच्या रिकाम्या डब्याकडे गेली. त्यात तांब्याच्या बारा तारा गुंडाळून ठेवल्या होत्या.

"रोद्या, तारा कुणी सोडल्या?"

"मीच," त्यांचा जावई रोदिओन म्हणाला. "गिऱ्हाइकाला पाठवायच्या फोटोत घाण दिसत होत्या. खायला कोबीची पिरोगी आणलीत का, आई, की नुसताच ओरडा?"

कारखाना बुडाला तेव्हा रिम्मांना पगाराच्या जागी वीज साठवणारे कपॅसिटरच मिळाले होते. आत कागदाचा एक पदर, फिल्मचा एक. त्यातल्या लहान नळ्या जर्मनीतले गाणंवेडे केव्हाच घेऊन गेले. त्यांच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधून म्हणे आवाज मऊ येतो. उरले होते बारा मोठे डबे, लेझरला एका झटक्यात वीज पुरवणारे. गिऱ्हाइकाला ते विजेच्या पूर्ण दाबावर तपासून हवे होते. काल संध्याकाळी रिम्मांनी एकेक विजेने भरला, जमिनीला जोडलेली काठी टेकवून ती वीज उतरवली आणि वर तार बांधली.

कागद हट्टी असतो. ठिणगी उडते, डबा रिकामा झाला असं वाटतं. पण पदरांत मुरलेली वीज हळूहळू पुन्हा टोकांशी येते. म्हणून दोन्ही टोकं तारेने जोडून ठेवायची, आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची. चाचणी विभागात नव्या पोरीला पहिल्या दिवशी हेच शिकवत. रिम्मांनी हा नियम एकदाच मोडला होता.

रोदिओनची आई तैसिया त्याच विभागात होती. तो सात वर्षांचा असताना ती डब्याच्या झटक्याने गेली. अहवालात लिहिलं, स्वतःचा निष्काळजीपणा. रिम्मांनी पोराला घरी आणलं, आपल्या लेकीशेजारी त्याचं ताट मांडलं, पुढे लेकही दिली. काय मोठ्या मनाची बाई, असं सगळी गल्ली म्हणायची. रिम्मा ऐकून घ्यायच्या.

रोदिओनने चिंधी स्पिरिटमध्ये भिजवली. "टोकं जरा चकाचक करतो."

"हात लावू नकोस!"

"अहो, काल तुम्हीच ठिणगी काढलीत. रिकामे आहेत."

"परत भरतात रे ते!"

"लहानपणापासून ऐकतोय. तुम्हाला वाटतं मीही आईसारखाच वेंधळा. ती निष्काळजी होती, मी नाही."

तो पहिल्या डब्यावर वाकला. काठी त्याच्या मागच्या भिंतीवर होती. मध्ये खोकी, आणि रिम्मांचा गुडघा कामातून गेलेला. ओरडून उपयोग नव्हता. त्यांच्या ओरडण्याची त्याला सवय होती.

"निष्काळजी नव्हती ती," रिम्मा म्हणाल्या. "तार मी सोडली होती."

ओली चिंधी टोकांच्या वीतभर वर थांबली.

"डब्यावरचा रंग पुसायला सोडली, आणि बांधायची राहिली. तिने विचारलं, तर मी म्हटलं, रिकामा आहे, उचल. नंतर ती तार तिच्या एप्रनच्या खिशात घातली, तीही मीच. लोक यायच्या आत, तिनेच सोडली असं दिसावं म्हणून."

रोदिओन हलला नाही. रिम्मांनी खोकी ओलांडली, काठी काढली आणि डब्याला टेकवली. ताडकन आवाज झाला. निळी ठिणगी उडाली आणि फळीवरचे पत्रे खडखडले. त्याच्या हातातली चिंधी खाली पडली.

रोदिओनने काठी त्यांच्या हातातून काढून घेतली. एकेक करून उरलेले अकरा उतरवले आणि प्रत्येकावर स्वतः तार बांधली. त्यांना जवळ येऊ दिलं नाही. शेवटची, बारावी तार पहिल्या डब्यावर बांधून झाल्यावर तो वळला.

"रिम्मा आर्काद्येव्हना," तो म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत त्याने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. "तुम्ही उचल म्हणालात. त्यावर ती काय म्हणाली?"

रिम्मांना खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं आलंच होतं.

"'बरं' म्हणाली," त्या म्हणाल्या. "नुसतं 'बरं'."