मंद लाल

आणखी एक पातं तेलातून काढताना ‘टिक्’ असं वाजलं आणि बाइंडरने कपाळाला हात लावला. टोकापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती.

पुस्तकाच्या बांधणीसाठी चामड्याची कड कागदाइतकी पातळ तासावी लागते. तासायची त्याची जुनी सुरी झिजून नखाएवढी उरली होती आणि दुकानातली एकही हातात बसेना. म्हणून त्याने जुन्या कानशी घासून स्वतःच सुरी करायचं मनावर घेतलं. आकार झकास यायचा. सगळं अडायचं ते पाणी देताना, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करताना.

मेहुणा लेथवरचा कारागीर. फोनवर तो तेच तेच सांगायचा, “भावोजी, मंद लाल झालं की लगेच तेलात. मग घासून चकचकीत करायचं आणि जाड तव्यावर हळूहळू तापवायचं. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की उचलायचं.”

“तेच करतोय की रे!”

“मग तडकायला नको.”

“अरे, पण तडकतंय!”

बायको हसून म्हणायची, “तुम्ही सुरीला पाणी पाजताय, की सुरी तुम्हाला?”

शेवटी रविवारी मेहुणा स्वतःच आला. त्याने तडकलेलं पातं शिकंज्यात धरून मोडलं आणि तुकडा डोळ्यांजवळ नेला. “हे बघा, आत साखरेसारखे दाणे पडलेत. तुम्ही फार तापवता.”

“फार? मी तर लाल व्हायची वाट बघून बघून थकतो!”

“चला, माझ्यासमोर तापवा.”

मागच्या खोलीचा पडदा ओढून बाइंडरने बर्नर पेटवला आणि नवं पातं सांडशीत धरलं. ज्योत सरसरत होती, पातं काळंच होतं.

“बस!” मेहुणा म्हणाला.

“बस काय? अजून काळं आहे.”

“थट्टा पुरे भावोजी, बुडवा!”

“कसली थट्टा? काळं आहे म्हणतो ना!”

चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. “अहो, चांगलं लाल झालंय की.”

बाइंडरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मेहुण्याकडे. बहीणभाऊ मिळून आपली फिरकी घेतायत, अशी त्याची खात्री पटली. तेव्हा मेहुण्याने तारेला बांधलेलं लोहचुंबक पात्याजवळ नेलं. ते चिकटलं नाही.

“पोलाद पुरेसं तापलं की चुंबक धरत नाही,” तो म्हणाला. “आता तरी बुडवा.”

पातं तेलात गेलं. ‘टिक्’ झालं नाही. कानस फिरवून पाहिली, तर ती काचेवरून सरकावी तशी घसरली; पातं कडक झालं होतं.

बाइंडरने बर्नर बंद केला. माणसं थट्टा करतील, पण चुंबक कशाला करेल?

“म्हणजे माझे डोळे बिघडले?”

“बिघडले नसतील,” मेहुणा चाचरत म्हणाला. “आमच्या कारखान्यात एकाला जन्मापासूनच असं होतं. लाल त्याला काळपट दिसायचं.”

“जन्मापासून? आणि मला पत्ता नाही?”

बायकोने चहा खाली ठेवला. “म्हणून कव्हरचं कापड नेहमी चुकायचं होय! मला वाटायचं, तुमचं लक्ष नसतं. म्हणून कापड मीच काढून देते.”

“मला वाटायचं, तुला हुकूम सोडायची हौस आहे.” तो तिच्या खांद्याकडे बघत राहिला. “ही शाल... मी दिलेली. कॉफीसारख्या रंगाची आहे ना?”

“नाही हो. लालभडक आहे.”

“तुला तर भडक रंग आवडत नाहीत.”

“तुम्हाला आवडतात असं वाटलं. म्हणून वापरते.”

मेहुणा खो खो हसला, पण बाइंडरला हसावं की रडावं ते कळेना. कॉफी तरी इतरांना कशी दिसते? तो ज्याला लाल म्हणत आला, ते नेमकं काय होतं? विचारावं तर कुणाला, आणि उत्तर मिळालं तरी ते पडताळायचं कसं?

“चहा निवतोय,” बायको म्हणाली. “आणि ते पिवळं करायचं राहिलंय ना?”

पातं घासून तव्यावर ठेवलं. बायको वाकून बघत होती आणि बाइंडर तिच्या तोंडाकडे. पात्याकडे बघण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता.

“चढतोय... फिकट आहे अजून... आता! उचला, उचला!”

त्याने उचललं. फिकट पिवळं काहीतरी दिसलं खरं, पण ते डोळ्यांना दिसलं की तिने सांगितलं म्हणून, हे त्याला कळेना.

दुपारी दगडावर धार लावून त्याने चामड्याच्या कडेवर सुरी टेकवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी चामड्याची साल निघाली, मध्ये कुठेही न तुटता. मेहुणा “वा!” म्हणाला. बाइंडरनेही मान हलवली. मग ती साल त्याने खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. सुरी छान झाली,” तो म्हणाला. सालीचा रंग कोणता, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने दुसरी कड तासायला घेतली.