मांजराचं वजन

चुका काढणं हा माझा धंदा आहे. म्हणजे अगदी पगारी धंदा. सॉफ्टवेअर लिहिणारा लिहितो आणि मी ते मोडून दाखवते. नवरा म्हणतो, हिला कुणी पगार दिला नसता तरी हिने हेच केलं असतं. असू दे. त्याचा स्वभाव नेमका उलटा. कोणी काहीही मागितलं की हा म्हणणार, "हो, होऊन जाईल." जुन्या कंपनीत लोक त्याला मागून 'होऊनजाईल साहेब' म्हणायचे. तोंडावर म्हणाले असते तरी तो हसला असता.

असा हा माणूस चाळिशी उलटल्यावर एक दिवस घरी येऊन म्हणाला, आपण परदेशात जाऊन स्वतःची कंपनी काढू. लहानशी. तू आणि मी. प्राण्यांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर.

मी म्हटलं, "अरे, आपण आयुष्यात एक पोपट तरी पाळलाय का?"

"त्यात काय, शिकून घेऊ," तो म्हणाला.

दोघांनी नोकऱ्या सोडल्या, राहता फ्लॅट विकला आणि आलो. सासूबाईंनी सगळ्या नात्यात सांगून टाकलं की मुलाने परदेशात कारखाना काढलाय. कारखाना नाही हो आई, असं मी फोनवर दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

कारखाना म्हणजे बाथरूमच्या फरशा विकणाऱ्या दुकानावरची एक खोली. जिना दुकानाच्या आतूनच, त्यामुळे कामावर जायचं तर रोज रिकाम्या कमोडांच्या रांगेतून वाट काढायची. वर दोन टेबलं, एक खिडकी, आणि खालून कटर सुरू झाला की हादरणारी जमीन. फोनवर गिऱ्हाईक असलं की नवरा मला खुणेने खाली पिटाळायचा आणि मी त्या फरशीवाल्याला हात जोडून कटर थांबवायला लावायची. भला माणूस होता, थांबवायचा.

आमचा इथे राहून धंदा करायचा परवाना दोन वर्षांचा. सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या बाईने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं: धंदा नुसता कागदावर चालणार नाही, दोन वर्षांनी एक तरी मोठं गिऱ्हाईक दाखवा. नाही दाखवलं तर परत जा. बाई अगदी गोड बोलली, पण शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि परत जा म्हणजे कुठे जा? घर नाही, नोकरी नाही, आणि आमच्या वयाच्या माणसाचा अर्ज हल्ली कोणी उघडूनसुद्धा बघत नाही.

लहान गिऱ्हाइकं मिळाली, नाही असं नाही. पण घोड्यांच्या डॉक्टरला नालांचा हिशेब वेगळा हवा होता, हो, होऊन जाईल. पक्ष्यांच्या डॉक्टरला पिसांचे फोटो साठवायला जागा हवी होती, हो, होऊन जाईल. एकाला तर कुत्र्यांच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायच्या होत्या. प्रत्येकासाठी हा वेगळंच सॉफ्टवेअर करून द्यायचा. एकात दुरुस्ती केली की ती बाकी सगळ्यांत निरनिराळी करायची. शिंपी निदान कपडा शिवून दिला की मोकळा होतो, आमचे कपडे रोज उसवायला परत यायचे. माझ्या अगदी नाकी नऊ आले. मी म्हणायची, एकदा तरी नाही म्हण रे बाबा, जीभ झडणार नाही.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. गावभर त्यांचे दवाखाने. उंच, बारीक, बोलणं मोजकं, बाहीला मांजराचे केस. आम्ही त्यांच्या बैठकीच्या खोलीत पडदा लावून सगळं दाखवलं. त्यांना आवडलं. मला दिसत होतं, आवडलं होतं. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"मांजर आजारी पडलं की वजन भराभर उतरतं. आज एका दवाखान्यात वजन केलं आणि उद्या मालकाने दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तर तिथे औषधाचं प्रमाण नव्या वजनाचं दिसतं का?"

"हो," नवरा म्हणाला.

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्याने उलट एक चित्र उघडून दाखवलं, त्यात दोन दवाखाने, एक मांजर आणि नवं वजन. ते आकडे त्याने आदल्या दिवशी नुसते टाइप करून ठेवले होते. मागे काही म्हणजे काही नव्हतं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी तोंड सोडलं. तो शांतपणे म्हणाला, "अगं, त्यांनाही माहीत असतं. हो म्हणजे करून देतो."

हीच तर आमची गोम. आमच्या जुन्या कंपनीत हो म्हणजे 'आता सुरू करतो', हे मागणाऱ्यालाही ठाऊक असायचं. तो मनातल्या मनात चार महिने मिळवून घ्यायचा. कोणी कोणाला फसवत नव्हतं. इथे हो म्हणजे 'तयार आहे'. बाईंनी ते तसंच धरलं, लगेच तारीख ठरवली, आणि येत्या सोमवारपासून सगळे दवाखाने आमच्यावर सोपवायचे, असा निरोप येऊन पोचला.

नवऱ्याने त्याच दिवशी आईला फोन केला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. सासूबाईंनी तिकडे दृष्ट काढली म्हणे.

मग तो कामाला जुंपला. मी इतकं झपाटलेलं त्याला कधी पाहिलं नव्हतं. खाली कटर ओरडतोय, चहावर साय धरलीय, आणि हा पडद्यात नाक खुपसून बसलाय. आणि बऱ्यापैकी जमवलंसुद्धा. पण बऱ्यापैकीच. मी एक खोटं मांजर बनवलं, चार किलोचं, एका दवाखान्यात ते अडीच किलोचं केलं आणि दुसऱ्या दवाखान्यात उघडलं. अडीच. पुन्हा केलं, अडीच. पुन्हा केलं, चार. का, ते त्यालाही कळेना. आमच्या धंद्यात 'कधीकधी' यासारखा वाईट शब्द नाही. चूक रोज होत असेल तर माणूस सावध तरी राहतो.

गुरुवारी दुपारी फोन वाजला, आणि तो माझ्यासाठी होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचे यजमान म्हणतात सगळं तयार आहे. पण आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्याने ऑपरेशनची हत्यारं उकळली, त्याने ती तपासायची नाहीत. दुसऱ्याने तपासायची. तुमच्याकडे तपासणाऱ्या तुम्ही. म्हणून तुम्हाला विचारते. ते वजनाचं चालतंय ना? तुम्ही हो म्हणालात की मी सही करते."

माझी पाचावर धारण बसली. नवरा समोरच होता. त्याने ऐकलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. तो उठून उभा राहिला आणि मान हलवायला लागला. हो, हो, हो. आवाज न करता. डोळ्यांत इतकी आशा की बघवेना.

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. सोमवारला अजून वेळ होता, तोवर तो करीलही, असं मीच मनाला समजावलं. आणि नाही झालं तरी 'कधीकधी'च तर आहे. गावातलं एखादं मांजर. मी ते मांजर पाळलेलं नाही, ओळखत नाही. पण अडीच किलोच्या जिवाला चार किलोचं औषध टोचलेलं माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि टेबलावर त्याला धरून उभी असलेली कोणीतरी मालकीण. आयुष्यभर मी न चालणाऱ्या गोष्टीला चालतंय म्हटलेलं नाही. मला ते येतच नाही.

"नाही," मी म्हटलं. "कधीकधी जुनंच वजन दाखवतं."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, आभारी आहे."

गोष्टीत असतं तर त्यांनी खूश होऊन आम्हाला महिनाभराची मुदत दिली असती. त्यांनी संध्याकाळच्या आत दुसरी कंपनी निवडली. कळवलंसुद्धा नम्रपणे, की प्रश्न वजनाचा नाही, तुमच्या यजमानांनी जे दाखवलं त्याचा आहे. बरोबरच होतं त्यांचं.

मला वाटलं नवरा ओरडेल. ओरडावं असं फार वाटत होतं. मी आपली मनात उत्तरं तयार ठेवली होती, लग्नापासूनची. तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तू आणखी काय सांगणार होतीस म्हणा." बस्स. एवढंच. मला तिथेच रडू फुटलं. तेल गेलं, तूप गेलं, आणि वर हा माणूस माझ्यावर चिडतसुद्धा नाही.

परवान्याचं पुढे जे व्हायचं तेच झालं. खिडकीतली बाई तितकीच गोड बोलली. लहान गिऱ्हाइकांना आम्ही एकेक करून कळवलं. घोड्यांचा डॉक्टर हळहळला. सासूबाईंना सांगायचं काम मी केलं. त्या म्हणाल्या, "या. आमच्या खोलीत तुमचं सामान मावेल." त्यांच्या खोलीत त्यांचा पलंगच कसाबसा मावतो.

मी खोके भरत होते आणि नवरा रोज त्या फरशीवाल्याच्या माडीवर जाऊन बसत होता. मला वाटलं, बसू दे, भाडं भरलेलंच आहे. निघायला थोडे दिवस उरले तेव्हा एका सकाळी त्याने मला बोलावून घेतलं.

"वजनाचं जमलं," तो म्हणाला. "तपास."

कोणासाठी रे, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

मी दिवसभर तपासलं. खोटी मांजरं बनवली, कुत्रे बनवले, एक आजारी घोडा बनवला. एकाच वेळी सगळ्या दवाखान्यांत उघडली. मधेच इंटरनेट काढून टाकलं, वजनं उलटसुलट भरली, रिकामी सोडली, जे जे म्हणून वंगाळ सुचलं ते केलं. दुपारपर्यंत मी चूक शोधत होते. दुपारनंतर मी देवाला म्हणत होते, एक सापडू दे. बारीकशी. म्हणजे निदान म्हणता येईल की हे आपल्याला जमण्यातलं नव्हतंच. नाही सापडली. इतक्या वर्षांत त्याच्या हातचं असं काम माझ्याकडे पहिल्यांदा आलं होतं, आणि जगात ते कोणालाही नको होतं.

तो खिडकीशी उभा होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली. टेबल मोकळं केलेलं. उद्यापासून या माणसाला करायला काही म्हणजे काहीच नव्हतं. त्याचे रिकामे हात मला तेव्हा दिसले.

"सापडलं काही?" त्याने विचारलं.

नसलेली चूक मी कधी काढली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "एक आहे. घोड्याच्या बाबतीत आकडा चुकतो. नेहमी नाही, कधीकधी."

त्याची पाठ ताठ झाली. "कुठे? दाखव."

"आता डोळे दुखायला लागलेत. उद्या दाखवते."

"बरं, उद्या," तो म्हणाला, आणि दाराशी जाऊन बॅगेतून चार्जर परत बाहेर काढला.