गोंदाचे चार ठिपके

आमच्या सरांना कृष्णद्रव्य सापडलं, तेही मंगळवारी, चहाच्या आधी.

तळघरात नखाएवढा स्फटिक गोठवून ठेवलेला. कृष्णद्रव्याचे, म्हणजे डार्क मॅटरचे, जड कण शोधून जग दमलं, म्हणून आम्ही हलक्यांच्या मागे. असा कण स्फटिकाला जरासा धक्का देणार आणि आमचं यंत्र तो टिपणार, अशी आशा. धक्के भरपूर आले. सरांनी लगेच नवा सूट शिवायला टाकला. पुढच्या शुक्रवारी जाहीर करायचं ठरलं.

मी त्यांची संशोधक विद्यार्थिनी, सहावं वर्ष. माझी डॉक्टरेट याच निकालावर अडकलेली; गप्प बसले असते तर महिन्याभरात सुटले असते. पण धक्के रोज कमी होत होते. अख्ख्या आकाशगंगेत भरून राहिलेलं द्रव्य आमच्याच तळघरात आठवड्याभरात कसं आटेल? एवढं साधं गणित आमच्या गटातल्या विद्वानांपैकी एकालाही सुचू नये! स्फटिक चार कोपऱ्यांना गोंदाने चिकटवला होता. गारठला की गोंद आकसतो, स्फटिक ताणला जातो आणि तो ताण सुटताना बारीक बारीक धक्के देतो.

"सर, एकदा गरम करून पुन्हा गार करू. गोंद असेल तर धक्के परत वाढतील."

"तीन आठवडे जातील. तुला नुसत्या शंका काढता येतात."

गटातल्या बाकी दोघा संशोधकांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात दोघंही तरबेज. सर सुटाचं माप द्यायला गेले आणि मी सरळ गरम करायचं बटण दाबलं.

शुक्रवारची घोषणा बारगळली आणि तीन आठवडे सर माझ्याशी बोलले नाहीत. मग स्फटिक पुन्हा गारठला आणि धक्के पहिल्या दिवसाइतके झाले; म्हणजे गोंदच. सभेत सरांनी विचारलं, "गोंद लावला कोणी?"

"मी. स्फटिक तारेवर टांगूया म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, फालतू लाड नकोत."

"म्हणजे तूच लावलास," सर म्हणाले. ते वहीत लिहून घेतलं गेलं.

पुढच्या महिन्यात शोधनिबंध निघाला: गोंदाचे खोटे धक्के ओळखायची नवी पद्धत. पहिलं नाव सरांचं, मग माना डोलावणाऱ्यांची. माझं शेवटी, आभारात: "चिकटवण्याच्या कामात मदत." मला संताप आला, रडूही आलं. सर म्हणाले, "प्रबंधासाठी नवा स्फटिक घे. दोन वर्षं काय, हां हां म्हणता जातील."