लॅबमामांचा अभिप्राय

मामांनी पुस्तक टेबलावर असं आपटलं की मामी सोलत होत्या त्यातले चार वाटाणे ताटलीतून उडून फरशीवर पळाले.

"म्हणे रहस्यकथा," मामा म्हणाले. "किशोरांसाठी. असलं वाचायला द्यायचं, आणि मग पोरं बिघडली म्हणून बोंबलायचं."

"वाटाणे उचला आधी," मामी म्हणाल्या.

मामांनी वाकून वाटाणे उचलले, पण पारा काही उतरला नाही. उतरेल कसा? एकोणीस वर्षं त्यांनी शाळेची प्रयोगशाळा सांभाळली. बाटल्या पुसल्या, चिठ्ठ्या डकवल्या, काचनळ्या मोजून दिल्या, मोजून परत घेतल्या. पोरं त्यांना लॅबमामा म्हणायची, म्हणून मग बायकोही अख्ख्या गल्लीची मामी झाली. पुस्तक लिहिणारी ही बाई त्याच शाळेतली, नववीला त्यांच्याच टेबलांवर धडपडलेली. मलपृष्ठावर तिचा हसरा फोटो. आणि आत काय, तर प्रयोगशाळेतून वजनपेटी चोरीला जाते, दोन वेण्यांची एक शहाणी पोरगी चोराचा माग काढते, आणि शेवटी चोर कोण निघतो? प्रयोगशाळेतला मामा.

बावीस वर्षांपूर्वी, ही बाई नववीत असताना, शाळेतून खरोखरच वजनपेटी गेली होती. कपाटाची किल्ली फळ्यामागच्या खिळ्याला लटकलेली असायची हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं, पण चौकशीच्या वेळी ते नेमकं कुणाला आठवलं नाही. तोंडावर चोर कुणीच म्हणालं नाही. मामांना फक्त प्रयोगशाळेतून काढून घंटेवर आणि फाटकावर बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. लोक विसरले होते. आता या बाईनं ते सगळं छापून चारचौघांत मांडलं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पत्ता होता आणि 'वाचकांनी अभिप्राय जरूर कळवावा' अशी विनंती. मामांनी रेघांचे कागद घेतले. कळवतोच म्हणाले.

"मुद्दा पहिला," मामा लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले. "तुमचा मामा आम्लात पाणी ओततो. असं करणाऱ्याचं तोंड भाजतं, बाईसाहेब. पाण्यात आम्ल ओततात, तेही थेंबाथेंबानं. हे मी तुमच्या वर्गाला दहादा सांगितलं होतं. चोर करायचं तर करा, अडाणी कशाला करता?"

मामींना हसू आलं. "म्हणजे चोर म्हटलेलं चालेल?"

"तो दुसरा मुद्दा." मामांनी ओळ सोडली आणि पुस्तक उघडलं. "तिसरा तर ऐकच. पान एकशे बारा. 'पेटीतल्या चिमुकल्या वजनांपैकी एक बनावट होतं. टूथपेस्टच्या नळीचा पत्रा कापून ते केलेलं होतं. उलट्या बाजूला हिरव्या रंगाचा ठिपका तसाच राहिला होता. वजनांतही मामाची लबाडी होती तर!' घे. लबाडी म्हणे. अगं, तासभर घासत होतो मी तो पत्रा. तेवढ्याच दुसऱ्या वजनाशी तोलून तोलून. काटा मध्यावरून तसूभर हलत नव्हता, आणि ही बया मला..."

मामा बोलता बोलता थांबले. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात.

"काय झालं?"

"हिला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

मामा खुर्चीत मागे टेकले. वीस मिलिग्रॅमचं एक वजन हरवलं होतं, ते सांगू लागले. एवढीशी चकती, कुणा पोरानं शिंकून उडवली असेल. ठपका आपल्यावर यायचा म्हणून शाळा सुटल्यावर त्यांनी गुपचूप नळीच्या पत्र्यापासून तसंच वजन बनवलं, पेटीत ठेवलं आणि कपाट लावून घरी आले. सकाळी पाहतात तर पेटी गायब. ते वजन कुणीच पाहिलं नव्हतं. विज्ञानाच्या सरांनीही नाही.

"आणि हा हिरवा ठिपका," मामांनी पानावर बोट ठेवलं, "घासून निघेना म्हणून मी तसाच ठेवला. पेटी उघडून उलटंपालटं करून पाहिल्याशिवाय हे कुणाला लिहिता येईल का? आणि ती उघडायला मिळाली फक्त नेणाऱ्याला. वा रे वा. स्वतः न्यायची, माझ्यावर ढकलायची आणि वर पुस्तक लिहून मिरवायचं. थांब आता, असा अभिप्राय लिहितो की..."

मामींच्या हातातली शेंग अर्धवट सोललेली तशीच राहिली होती.

"म्हणजे पेटी तिनं नेली," त्या म्हणाल्या.

"मघापासून मी वेगळं काय सांगतोय?"

"म्हणजे तुम्ही नव्हती नेली."

मामांना वाटलं, चेष्टा करतेय. त्यांनी वर पाहिलं. मामी हसत नव्हत्या.

"तुला वाटत होतं, मी नेली?"

"त्या संध्याकाळी तुम्ही उशिरा आलात," मामी सावकाश म्हणाल्या. "नखांत चंदेरी चुरा. काय हो हे, असं विचारलं तर म्हणालात, काही नाही, कुणाला बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी पेटी गेल्याचं कळलं. मी काय समजायचं?"

मामांनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं.

"तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या मोठ्या बाईंच्या घरी गेले होते. पाया पडले त्यांच्या. म्हटलं, चुकले ते, एकवार पदरात घ्या, पोलिसांत देऊ नका."

चौकशी तिसऱ्याच दिवशी गुंडाळली होती. मोठ्या बाईंचा आपल्यावर विश्वास होता म्हणून प्रकरण मिटलं, असं मामा आजवर भेटेल त्याला छाती काढून सांगत आले होते. त्यांची कबुली त्यांच्याच घरातून गेली होती. संतापानं त्यांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं.

"मला एकदा विचारायचंस," शेवटी ते म्हणाले. "बावीस वर्षांत एकदा."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"नाहीच म्हणालो असतो."

"आणि मला ते खोटं वाटलं असतं," मामी म्हणाल्या. "चोरी केली, तिथवर मी समजून घेतलं होतं. वर माझ्याशी खोटं बोलला असतात, तर मग मला इथं राहता आलं नसतं. मला राहायचं होतं."