खांद्यावरचा हात

जयमालाने लेकीचा बायोडाटा एका दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तयार केला होता, आणि तो इतका झकास जमला की क्षणभर तिला वाटलं, ही मुलगी आपणच सून करून घ्यावी.

दिव्या चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. गाड्यांच्या वायरिंगमध्ये कुठे खोट आहे का, ते दिवसभर बघायचं. बायोडाटा काढायचा म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुला हवं ते लिही, मला वाचायला लावू नकोस." मग आईने हात आखडता घेतला नाही. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ सकाळी सहा बारा, रक्तगट, मामांचं कूळ, मामांचं गाव, पिंपळे सौदागरच्या सोसायटीचं नाव, फ्लॅटचा नंबर, इतकंच काय, कंपनीची बस कुठल्या चौकात किती वाजता येते तेसुद्धा लिहिलं. मुलाकडच्यांना जाण्यायेण्याचा अंदाज यावा, हा हेतू. उंची पाच फूट दोन इंच होती, ती पाच-चार केली. चपला तर घालणारच आहे, असं तिने स्वतःला समजावलं.

त्या बायोडाट्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. अजिंक्य कंपनीच्या बसमध्येच सापडला, तोही पाच-दोनची मुलगी डोळ्यांनी बघून. दोन्ही घरं भेटली, चहा झाला, साखरपुड्याची तारीख ठरली. पण बायोडाट्याला कुणी सांगितलंच नाही की बाबा, आता थांब. तो चालतच राहिला. साताऱ्याहून, श्रीगोंद्याहून, एकदा तर बेळगावहून फोन आला. जयमालाला हे फोन आवडायचे. "अहो, ठरलं की आमच्या दिव्याचं," असं सांगताना तिचा आवाज आपोआप चढायचा. वर ती समोरच्याच्या मुलाची चौकशी करायची.

साखरपुड्याला एकोणीस दिवस उरले असताना अजिंक्यच्या आईचा फोन आला.

"जयाताई, रागावू नका हं. मी तुम्हाला एक पाठवलंय. बघा आणि मग बोलू."

जयमालाने बघितलं. फोटो दिव्याचाच होता. खाली लिहिलं होतं: दिव्या, वय २७, उंची पाच फूट चार इंच, घटस्फोटित, तातडीने लग्न करायचे आहे. कंपनीचं नावही होतं. फोन नंबर हवा असेल तर आधी नोंदणी करा, असं लाल अक्षरांत.

घटस्फोटित हा शब्द तिला लागला, पण त्याहून जास्त लागलं ते 'तातडीने'. तिच्या लेकीने आयुष्यात कुठली गोष्ट तातडीने केली नव्हती. जन्मालासुद्धा नऊ दिवस उशिरा आली होती.

"आमच्या मनात तसूभरही काही नाही बरं का," अजिंक्यची आई म्हणाली. "पण भावकीतल्या दोघांनी मला हे धाडलं. एक तर म्हणाला, वहिनी, आम्हाला सांगितलं नाहीत. आता मी कुणाकुणाला समजावत फिरू? साखरपुड्यात माणसं जेवतील आणि बोलतील पोरीबद्दल. ते मला नको."

बाई सरळ होत्या. म्हणून तर जास्त अवघड झालं.

दिव्याचे वडील सयाजीराव हे ऐकून तडक उठले. "कुणी केलंय ते नाव सांग फक्त. मी बघतो त्याच्याकडं." आणि ते चपला शोधायला लागले.

"कुठं जाताय?"

"त्याच्याकडं."

"तो फोनमध्ये आहे, अहो."

सयाजीराव एका पायात चप्पल घालून बराच वेळ तसेच उभे राहिले.

संध्याकाळी दिव्या आली. जयमालाने आधी चहा दिला, मग फोन दिला. दिव्याने चहा पाणी प्यावं तसा एका दमात संपवला, आणि कप ठेवताना तो बशीवर वाजला. मग ती कामाला लागली. जाहिरातीचे फोटो काढून ठेवले, त्या संकेतस्थळाला तक्रार केली, सायबर पोलिसांच्या पानावर तक्रार भरली आणि तक्रारीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवला. गॅसच्या नंबरशेजारी.

"ही जाहिरात काढतील ते," ती म्हणाली. "पण माल कुठून येतोय ते सापडलं नाही, तर उद्या दुसरीकडे निघेल. आई, तो तुझा बायोडाटा दाखव."

आणि पहिल्यांदाच तिने तो वाचला. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या.

"बँकेतून फोन आला की खात्री करायला जे जे विचारतात, ते सगळं तू इथं लिहिलंयस. जन्मतारीख, पत्ता, मामांचं आडनाव. फक्त पिन राहिला, आई."

"पिन मला माहीत नव्हता," जयमाला म्हणाली. म्हणताना ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा जाब कुणी विचारला नाही. मग सुरी ठेवून ती हळूच म्हणाली, "त्या जाहिरातीत पाच-चारच उंची आहे बघ. मी वाढवलेली."

दिव्याला हसू आवरलं नाही. "चोरालासुद्धा तुझं खोटं चाललं. थांब. हा फोटो बघ. हा हात कुणाचा?"

जाहिरातीतल्या दिव्याच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. फक्त हात. चार हिरव्या बांगड्या आणि बोटात वेढ्याची अंगठी. पुढची बाई कापलेली.

जयमालाने हात पदरात घेतला, पण उशीर झाला होता. अंगठी तीच होती. चुलतबहिणीच्या लग्नात मायलेकींनी काढलेला तो फोटो. बायोडाट्यासाठी जयमालाने त्यातून स्वतःला बोटाने सरकवत सरकवत बाहेर काढलं होतं; सगळी गेली, हात तेवढा राहिला. आठवड्याने स्टुडिओतला फोटो आला, मग तो बदलला. पुढे जिथे जिथे बायोडाटा गेला, तो स्टुडिओतल्या फोटोचा.

"हाताचा फोटो मी एकाच माणसाला पाठवला होता," ती म्हणाली. "मला धीर निघाला नव्हता."

"कुणाला?"

"तळेगावच्या शालनमावशीला."

रविवारी दोघी दिव्याच्या स्कूटीवरून तळेगाव दाभाड्याला गेल्या. शालनमावशी म्हणजे तिच्या आईची चुलतबहीण. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं लग्नं जुळवत होती आणि एका लग्नाचा एक पैसा तिने घेतला नव्हता. लुगडं आणि ओटी, बस. जयमालाचं लग्नसुद्धा तिनेच जुळवलेलं. अशा बाईच्या दारात जाऊन, तुझ्यामुळे माझ्या लेकीचं नाव खराब झालं, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मावशी अंगणात पाय पसरून बसली होती. मांडीवर फोन, शेजारी चार्जरची लांबलचक वायर खिडकीतून आत गेलेली.

"या. आलीस व्हय, नवरीबाई? बसा. मला जरा राग आलाय, तेवढा उतरू द्या. त्यो चिमाजी! त्याच्या नातवाचं म्यां जमवलं, आन लगनाला मलाच बोलावणं न्हाई. काल बाजारात दिसला तर पिशवी तोंडापुढं धरून गेला. मी काय त्याची मेथी मागनार हुते?"

चहा झाला. जयमालाने जमेल तितक्या मऊ शब्दांत विषय काढला: मावशी, तुझ्या त्या लग्न जुळवायच्या ग्रुपवरून दिव्याचा बायोडाटा कुणीतरी चोरलाय, तर तो पुसून टाक.

"पुसू?" मावशी ताठ झाली. "म्यां आजवर एक कागुद पुसलेला न्हाई. चौदाशे हायती यात. पोरगी, पोरगा, समदी गावं."

"पण हिचं ठरलंय ना."

"ठरलेलं मोडतं बी, जया." जयमालाचा चेहरा बघून मावशीने जीभ चावली. "तुझं न्हाई म्हनत गं. रीत सांगते."

"आजी, तुझ्या ग्रुपमध्ये किती माणसं आहेत?" दिव्याने विचारलं.

"तीनशे वर."

"सगळ्यांना ओळखतेस?"

"वळखायचं काय त्यात? कुनी ना कुनी आनलेलीच. ह्यो बग, ह्याचं नाव न्हाई, पर गनपती लावलाय त्यानं. सज्जनच आसंल."

जयमालाचा संयम सुटायला आला होता. आपली मावशी, आपलंच माणूस, आणि लेकीच्या नावापेक्षा हिला चौदाशे कागदांचं कौतुक! ती बोलायला तोंड उघडणार तोच दिव्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि जाहिरातीचं ते पान उघडून मावशीच्या पुढे धरलं. दिव्याचा फोटो तिने दाखवलाच नाही. बोटाने पान वर, अगदी वर सरकवलं; तिथवर ती स्वतःही काल रात्रीच पोचली होती.

पानाच्या माथ्यावर शालनमावशी होती. दोन वर्षांपूर्वी महिला मंडळाने सत्कार केला तेव्हाची. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. खाली लिहिलं होतं: शालनमावशी यांचे खात्रीशीर विवाह केंद्र, चाळीस वर्षांचा अनुभव, आधी नोंदणी शुल्क भरा.

मावशीला वाचायला वेळ लागला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"ह्यो फेटा माझा हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "शुल्क म्हंजी पैसं?"

"हो."

"माझ्या तोंडावर?"

समोरच्या घरात कुणीतरी डाळीला फोडणी दिली, तिचा वास अंगणात आला. मावशी रस्त्याकडे बघत होती.

"म्हनून चिमाजी पिशवी आडवी धरतोय," ती अखेर म्हणाली. "त्याला वाटलं आसंल, म्हातारी म्हातारपनी लगनं इकायला बसली."

जयमालाचा राग कुठल्या कुठे गेला. बोलायला आलेलं सगळं गिळून तिने फक्त मावशीच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ लहान झाली होती मावशीची. इतकी कधी झाली, कळलंच नव्हतं.

मग मावशी सावरली, आणि सावरलेली शालनमावशी म्हणजे काय ते सगळ्या मावळाला माहीत आहे. "ते बोलायचं बटान दाब," तिने दिव्याला फर्मावलं आणि फोन नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांनी तोंडापुढे धरला.

"मी शालन बोलतीया, तळेगावातून. समद्यांनी कान देऊन ऐका. माझ्या नावानं कुनी पैसं मागत आसंल तर त्यो लबाड हाय. म्यां कुनाचा पैसा घेतलेला न्हाई आन घेनार न्हाई. चिमाजी, तू बी ऐक, आन पिशवी खाली ठेव. आमच्या दिव्याचं लगीन पैल्यांदाच हाय आन अजिंक्यसंगंच हाय. कुनी वंगाळ बोललं तर माझ्याशी गाठ हाय. पोरीबाळींचे कागुद ज्याच्या ज्याच्या फोनात हायती, त्यानं आजच्या आज पुसायचे. आन ज्यानं गनपती लावलाय पर नाव लावलं न्हाई, त्यानं उद्या माझ्याकडं चहाला यायचं. मला त्याचं तोंड बगायचंय."

बटण सुटलं. संदेश गेला. तिघी फोनकडे बघत बसल्या.

दहाव्या मिनिटाला गणपतीवाला ग्रुप सोडून गेला.

"चहाला न्हाई म्हनाला," मावशी म्हणाली.

दिव्याने त्याचा नंबर तक्रारीत जोडला. त्यानंतर तिसऱ्या मिनिटाला चिमाजीचा फोन आला. तो काय बोलला ते मावशीने सांगितलं नाही, पण बोलणं झाल्यावर तिने सगळ्यांना पुन्हा चहा केला आणि स्वतःच्या कपात चमचाभर साखर जास्त घातली.

राहिले चौदाशे कागद. एका झटक्यात पुसता येतात, असं दिव्याने सांगून बघितलं. मावशीला ते मंजूर नव्हतं. तिला प्रत्येकाचा निरोप घ्यायचा होता. मग दर रविवारी दोघी तळेगावला जायच्या आणि पुसणं चालायचं.

"ही कान्हे गावची. हिला दोन पोरं झाली. पूस. ह्यो लई आकडू हुता, तीन पोरी नाकारल्या, आता बायकू ह्याला भांडी घासाया लावती. पूस, पूस. ही… हिचं काय झालं न्हाई गं. थांब, हिला फोन करू, इचारू अजून मनात हाय का."

दोन रविवार निघाले साखरपुड्याच्या आधी आणि तीन नंतर. जाहिरात आठव्या दिवशी दिसेनाशी झाली. ती कुणाची होती ते पोलीस शोधतायत. तक्रारीचा क्रमांक अजून फ्रिजवर आहे. अजिंक्यच्या आईने तर जयमालाने धाडलेला मावशीचा तो संदेश आपल्या भावकीच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला होता. मावशीची नवी रीत आता अशी आहे: कागदावर नाव, शिक्षण, गाव आणि आईबापांपैकी एकाचा फोन. बाकीचं घरी या, चहा प्या आणि विचारा. फोटो हातात दाखवते, पाठवत नाही. लोक कुरकुरतात आणि येतात.

साखरपुडा रहाटणीच्या एका हॉलमध्ये झाला. अजिंक्यची आई दारातच उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिव्याकडे नेत होती, मग जेवायला. चिमाजी पहिल्या रांगेत, मावशीच्या शेजारी. दिव्या पाच फूट दोन इंचांची, सपाट चपला घालून उभी राहिली. अजिंक्यने वाकून काहीतरी सांगितलं आणि ती हसली. जयमाला लांबून बघत होती. एवढ्या माणसांत आपल्या लेकीचं नाव कुणाच्याही तोंडी आलं तरी ते जसं आहे तसंच येतंय, हे ऐकून तिला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

फोटोवाल्याने हाक मारली, "नवरीचा एकटीचा एक घेऊ. काकू, जरा बाजूला व्हा."

जयमाला पदर सारखा करायला म्हणून लेकीजवळ गेली होती. तिने झटकन खांद्यावरचा हात काढला.

दिव्याने तो धरला आणि परत खांद्यावर ठेवला. "एकटीचा नको," ती फोटोवाल्याला म्हणाली. "आणि कापायचा नाही. ही पूर्ण आली पाहिजे."

"काढ, काढ," पहिल्या रांगेतून मावशीचा आवाज आला. "आन घरच्यांबिगर कुनाला धाडलास तर बग. तुझं नाव, गाव, मामाचं कूळ समदं इचारून ठेवलंय म्यां."